लॉख लीव्हनचें निर्जन बेट

राज्यें मोठमोठ्या रणांगणांवर मिळतात आणि तेथेंच जातात, असा सर्वसाधारण समज आहे. स्कॉटलंडच्या इतिहासांत मात्र एका राणीचें राज्य अशा एका बेटावर गेलें कीं, त्या काळीं त्याला पायीं प्रदक्षिणा घालण्यास अर्धी घटकाहि लागली नसती. हें बेट समुद्रांतील नव्हे, गोड्या पाण्याच्या सरोवरांतील आहे. आज त्यावर मनुष्यवस्ती नाहीं. एक पडका किल्ला, त्याच्याभोंवतीं वाढलेली झाडी आणि काठावर विसावणारे पाणपक्षी एवढेंच तेथें दिसतें. तथापि या लहानशा भूमीचा इतिहास तिच्या आकाराच्या मानानें फार मोठा आहे. आणि त्याहूनहि नवलाची गोष्ट ही कीं, इतिहास घडला त्या वेळचें बेट आणि आज दिसतें तें बेट हीं दोन्ही अगदीं एकच नव्हेत.

या सरोवराचें नांव लॉख लीव्हन. ‘लॉख’ या शब्दाचा अर्थच सरोवर. स्कॉटलंडच्या पूर्वभागांत, फोर्थ व टे या दोन नद्यांच्या मुखांमधील प्रदेशांत किन्रॉस नांवाचें जुनें गांव आहे. त्याच्या पूर्वेस हें सरोवर पसरलेलें आहे. समुद्रसपाटीपासून तें सुमारें ३५० फूट उंचीवर असून त्याचें क्षेत्रफळ आज सुमारें ५ चौरस मैल भरतें. ईशान्येस लोमंडच्या टेकड्या, दक्षिणेस बेनार्टीची टेकडी आणि पश्चिमेस सपाट शेतजमीन, असा त्याचा परिसर आहे. सरोवरांतून निघणारी लीव्हन नदी पूर्वेकडे वाहत जाऊन फोर्थच्या खाडीस मिळते.

स्कॉटलंडचीं प्रसिद्ध सरोवरें बहुधा डोंगरांच्या कुशींत सांपडलेलीं, लांबट, अरुंद आणि अतिशय खोल अशीं आहेत. लॉख लीव्हन त्यांच्या जातीचें नव्हे. तें रुंद आणि उथळ आहे. त्याची सरासरी खोली अवघी १३ फूट. फक्त दोन ठिकाणीं तळाशीं मोठे खड्डे असून त्यांतील अधिक खोल खड्डा ८० फुटांच्या वर जातो. याचें कारण त्याच्या जन्मांत आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अंतीं बर्फाचे प्रचंड खंड वाळूच्या व गोट्यांच्या थरांत गाडलेले राहिले. ते वितळले तेव्हां त्यांच्या जागीं खोलगट भाग उरले आणि त्यांत पाणी साचून हें सरोवर झालें. उथळपणामुळें सूर्यप्रकाश बऱ्याच भागीं तळापर्यंत पोंचतो, आणि वाऱ्यानें पाणी ढवळून निघतें. म्हणून वनस्पति, किडे, मासे आणि पक्षी यांची येथें समृद्धि आहे.

सरोवरांत लहानमोठीं बेटें आहेत. त्यांपैकीं इतिहासांत दोघांचेंच नांव विशेष घेतलें जातें. आग्नेयेकडील मोठें बेट संत सर्फ याच्या नांवानें ओळखलें जातें. तेथें कल्डी या नांवानें प्रसिद्ध असलेल्या जुन्या ख्रिस्ती वैराग्यांचा मठ होता. बाराव्या शतकाच्या मध्यास राजा पहिला डेव्हिड यानें तो सेंट अँड्र्यूजच्या ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंच्या हवालीं केला. त्या वेळीं मठांत असलेल्या ग्रंथांची एक लहानशी यादी हस्तांतराच्या लेखांत आढळते. स्कॉटलंडमधील ग्रंथसंग्रहांच्या अत्यंत जुन्या याद्यांत तिची गणना होते. पुढें अँड्र्यू ऑफ विंटून हा या मठाचा प्रमुख झाला आणि त्यानें पंधराव्या शतकाच्या आरंभीं स्कॉट्स भाषेंत आपल्या देशाची पद्यमय बखर रचली. एका बेटावर राष्ट्राचा इतिहास लिहिला गेला, आणि दुसऱ्यावर तो घडला, असें म्हटल्यास चुकीचें होणार नाहीं.

हें दुसरें बेट म्हणजे किल्ल्याचें बेट. तें पश्चिम किनाऱ्याच्या बाजूस आहे. किनाऱ्यावरून तें स्पष्ट दिसतें, परंतु तेथून मारलेली हांक तेथें पोंचत नाहीं. चौदाव्या शतकांत येथें दगडी चौकोनी बुरूज उभारण्यांत आला. स्कॉटलंडमध्यें आज उभ्या असलेल्या अशा तऱ्हेच्या बुरुजांत तो अत्यंत जुना समजला जातो. तो पांच मजल्यांचा असून त्याचें मूळचें प्रवेशद्वार जमिनीलगत नाहीं, तर वरच्या मजल्यावर आहे. त्यामुळें शत्रु अंगणांत शिरला तरी बुरुजांत शिरणें त्याला सोपें नसे. भोंवतीं तट होता, आणि सोळाव्या शतकांत तटाच्या आग्नेय कोपऱ्यास एक गोल बुरूज जोडण्यांत आला. हा तट त्या वेळीं जवळजवळ सारें बेट व्यापीत होता. भिंतीबाहेर पाऊल टाकलें कीं पाणी, अशी स्थिति होती.

अशा जागेचा उपयोग संरक्षणासाठीं व्हावा हें साहजिकच होतें. १३३५ सालीं इंग्रजांच्या पक्षाच्या सैन्यानें किल्ल्यास वेढा दिला, तेव्हां अॅलन डी व्हिपाँट यानें तो लढविला. जुन्या बखरींत या वेढ्याविषयीं एक चमत्कारिक हकीकत आहे. वेढा घालणाऱ्यांनीं सरोवराचें पाणी जेथून बाहेर पडतें तेथें बांध घातला आणि पाणी चढवून किल्ला बुडविण्याचा बेत केला. परंतु आंतील लोकांनीं रात्रीं होड्यांतून जाऊन तो बांध फोडला, आणि सुटलेल्या लोंढ्यानें शत्रूचीच दाणादाण उडाली, अशी ती हकीकत. भूगोलाच्या दृष्टीनें पाहतां तिजवर विश्वास बसणें कठीण जातें. इतक्या विस्तीर्ण व पसरट सरोवराची पातळी थोडीशी चढवावयाची तरी पाण्याचा अपरंपार सांठा व्हावा लागेल, आणि तें पाणी प्रथम भोंवतालच्या सपाट जमिनीवर पसरेल. आधुनिक इतिहासकारहि या गोष्टीला फारसें महत्त्व देत नाहींत. किल्ला शत्रूच्या हातीं पडला नाहीं, एवढें मात्र खरें.

शत्रूला बाहेर ठेवणारें पाणी कैद्याला आंत ठेवण्यासहि तितकेंच उपयोगी पडतें. राजा दुसरा डेव्हिड यानें आपला भाचा रॉबर्ट स्टुअर्ट यास येथें कैदेंत टाकलें होतें. हाच रॉबर्ट १३७१ सालीं स्कॉटलंडच्या सिंहासनावर बसला आणि त्याच्यापासून स्टुअर्ट राजघराणें सुरू झालें. १३९० सालीं हा किल्ला डग्लस घराण्याकडे आला. सेंट अँड्र्यूजचा पहिला आर्चबिशप पॅट्रिक ग्रॅहॅम याची अखेर १४७८ सालीं याच किल्ल्यांत बंदिवासांत झाली. परंतु लॉख लीव्हनचें नांव सर्वतोमुखीं झालें तें या कैद्यांमुळें नव्हे. तें झालें मेरी स्टुअर्टमुळें.

मेरीचा जन्म ८ डिसेंबर १५४२ रोजीं झाला, आणि त्यानंतर सहाव्याच दिवशीं तिचा पिता पांचवा जेम्स मरण पावल्यामुळें ती पाळण्यांत असतांनाच राणी झाली. १५४७ सालीं इंग्रजांनीं पिंकीच्या लढाईंत स्कॉट सैन्याचा पराभव केला, तेव्हां या पांच वर्षांच्याहि न झालेल्या राणीला मेंटीथ सरोवरांतील इंचमाहोम नांवाच्या बेटावरील मठांत कांहीं दिवस लपवून ठेवावें लागलें. गोड्या पाण्यांतील बेटाशीं तिचा पहिला परिचय असा झाला. त्या बेटानें तिचें रक्षण केलें. पुढें ती फ्रान्सला गेली, तेथील राजपुत्राची पत्नी व नंतर राणी झाली, विधवा झाली आणि १५६१ सालीं स्वदेशीं परत आली. ती कॅथॉलिक, आणि देशांत सत्ता प्रॉटेस्टंट सरदारांची. अशा बिकट परिस्थितींत तिला राज्य करावयाचें होतें.

लॉख लीव्हनच्या किल्ल्यांत ती प्रथम कैदी म्हणून आली नाहीं. १५६३ च्या एप्रिलमध्यें ती तेथें मुक्कामास होती, आणि तिनें जॉन नॉक्स या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकास भेटीसाठीं बोलाविलें. कॅथॉलिक पद्धतीनें उपासना करणाऱ्यांना लोकांनीं आपल्या हातानें शासन करूं नये, यासाठीं नॉक्सनें आपलें वजन खर्चावें, अशी तिची इच्छा होती. राजसत्ता कायदा पाळीत नसेल तर इतरांनीं तो अंमलांत आणणें गैर नव्हे, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती किन्रॉसजवळ ससाण्यांच्या शिकारीस निघाली असतां त्यांची पुन्हां गांठ पडली व बोलणें अधिक सौम्यपणें झालें. चार वर्षांनंतर त्याच किल्ल्याचीं दारें आपणांवर बंद होणार आहेत, याची तिला त्या वेळीं कल्पनाहि असणें शक्य नव्हतें.

१५६५ सालीं तिनें लॉर्ड डार्नलीशीं विवाह केला. १५६६ च्या जूनमध्यें पुत्र झाला. आणि १० फेब्रुवारी १५६७ रोजीं डार्नलीचा खून झाला. संशय बॉथवेलच्या सरदारावर होता. त्याची चौकशी होऊन तो निर्दोष सुटला आणि १५ मे रोजीं राणीनें त्याच्याशींच लग्न लावलें. पतीच्या खुनाची तिला आधीं वार्ता होती काय, या प्रश्नावर चारशें वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. तिच्या विरुद्ध पुढें जीं पत्रें आणण्यांत आलीं त्यांच्या मूळ प्रती नाहींशा झाल्या असून केवळ नकला व भाषांतरें उरलीं आहेत. त्यामुळें या वादाचा निकाल लागण्याचा संभव फारसा नाहीं.

या लग्नानें सरदारांच्या हातीं आयतें कोलीत सांपडलें. १५ जून रोजीं कार्बेरीच्या टेकडीवर दोन्ही सैन्यें समोरासमोर आलीं. परंतु राणीचे सैनिक हळूहळू पांगूं लागले, आणि तिनें बॉथवेलला जाऊं देण्याच्या अटीवर आपणांस सरदारांच्या स्वाधीन केलें. बॉथवेल निसटून परदेशीं गेला व १५७८ सालीं डेन्मार्कच्या कैदेंत मेला. राणीला एडिंबरोच्या रस्त्यांतून लोकांच्या शिव्याशापांत नेण्यांत आलें आणि लगेच, १७ जूनच्या सुमारास, लॉख लीव्हनच्या बेटावर पोंचविण्यांत आलें. त्या वेळीं ती चोवीस वर्षांची होती.

बेटाची निवड विचारपूर्वक केलेली होती. किल्ल्याचा धनी सर विल्यम डग्लस हा राणीचा सावत्र भाऊ मरे याचा सहोदर; कारण त्या दोघांची आई मार्गारेट अर्स्किन एकच, आणि मरे हा तिला राणीच्या पित्यापासून झालेला पुत्र होता. ही वृद्धा त्याच किल्ल्यांत राहत होती. ज्याच्या हातीं राज्याची सूत्रें जावयाचीं त्याच्याच मातृगृहीं राणीला ठेवलें होतें. पाण्याच्या वेढ्याला नातेसंबंधांचा वेढा जोडला गेला.

जुलै महिन्यांत राणीचा गर्भपात झाला; जुळीं होतीं, असें सांगतात. ती अशक्त होऊन अंथरुणास खिळलेली असतांनाच २४ जुलै रोजीं लॉर्ड लिंडसे व इतर मंडळी तीन लेख घेऊन तिच्यापुढें उभी राहिलीं. पहिल्या लेखान्वयें तिनें तेरा महिन्यांच्या पुत्रासाठीं राज्यत्याग करावयाचा. दुसऱ्यान्वयें मरे याला राजप्रतिनिधि नेमावयाचें. आणि तिसऱ्यान्वयें तो परदेशांतून येईपर्यंत कारभार पाहणाऱ्यांची नेमणूक करावयाची. इंग्लंडचा वकील थ्रॉकमॉर्टन याला तिच्या भेटीस जाऊं दिलेलें नव्हतें. त्यानें रॉबर्ट मेल्व्हिल याच्या तलवारीच्या म्यानांत लपवून एक चिठी तिजकडे धाडली. कैदेंत व जबरदस्तीनें केलेली सही बंधनकारक नाहीं, तेव्हां जिवाचा धोका टाळावा, असा तिचा भावार्थ होता. राणीनें सही केली. २९ जुलै रोजीं स्टर्लिंग येथें तान्ह्या राजाला राज्याभिषेक झाला आणि त्या प्रसंगीं प्रवचन केलें तें जॉन नॉक्सनें.

येथें खरा प्रश्न उत्पन्न होतो. सरदारांच्या दृष्टीनें राजाचा अधिकार प्रजेच्या हितासाठीं असतो, आणि अपराधी राजास पदच्युत करण्याचा हक्क राष्ट्राला आहे. राणीच्या पक्षाच्या दृष्टीनें आजारी कैदी स्त्रीकडून चार भिंतींत घेतलेल्या सहीला कागदाची किंमतहि नाहीं. पहिली विचारसरणी पुढील शतकांत साऱ्या ब्रिटनला हालवून गेली, आणि मेरीचा नातू पहिला चार्ल्स याला १६४९ सालीं आपलें मस्तक गमवावें लागलें. परंतु ज्या रीतीनें ती १५६७ सालीं अंमलांत आली ती रीत न्यायाची होती, असें तिचे कट्टर पुरस्कर्तेहि म्हणूं शकत नाहींत. तत्त्व मोठें आणि कृत्य क्षुद्र, असा हा प्रसंग आहे.

राणी हताश झाली नाहीं. सर विल्यमचा धाकटा भाऊ जॉर्ज डग्लस तिच्या पक्षास मिळाला. ही गोष्ट लक्षांत येतांच त्याला बेटावरून घालवून देण्यांत आलें. पण किनाऱ्यावर राहून तो खटपट करीतच राहिला. २५ मार्च १५६८ रोजीं राणी परटिणीच्या वेषांत, तोंड झांकून, होडींत बसली. वाटेंत एका नावाड्यानें थट्टेनें तिच्या तोंडावरील वस्त्र ओढण्याचा प्रयत्न केला; तें सावरण्यासाठीं तिनें हात वर केला, आणि त्या गोऱ्या, नाजूक हातानें सारें गुपित फोडलें. कपडे धुणाऱ्या बाईचा हात असा नसतो, हें त्या गरिबानें ताबडतोब ओळखलें. नावाड्यांनीं होडी परत फिरविली. मात्र त्यांनीं धन्याला याचा पत्ता लागूं दिला नाहीं, हें त्यांच्या मनुष्यपणाचें लक्षण समजलें पाहिजे.

दुसरा प्रयत्न २ मे रोजीं झाला, आणि त्यांत मुख्य कामगिरी विली डग्लस या किल्ल्यांतील एका पोरक्या मुलानें केली. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळीं सर विल्यमजवळ ठेवलेल्या किल्ल्यांवर त्यानें हातरुमाल टाकला आणि रुमालासकट त्या उचलल्या, अशी परंपरागत हकीकत आहे. राणी दासीच्या वेषांत अंगण ओलांडून दरवाजाशीं आली. मुलानें दरवाजा उघडला, बाहेर पडल्यावर तो बाहेरून लावून घेतला आणि किल्ल्या सरोवरांत फेंकून दिल्या. पैलतीरावर जॉर्ज डग्लस घोडे घेऊन उभा होता. जवळच लॉर्ड सीटन आपल्या माणसांसह वाट पाहत होता. त्याच रात्रीं फोर्थची खाडी ओलांडून राणी निड्रीच्या गढींत पोंचली. साडेदहा महिन्यांचा बंदिवास एका मुलाच्या हातचलाखीनें संपला.

स्वातंत्र्य मिळालें, पण तें टिकलें नाहीं. राणीनें राज्यत्यागाचा लेख रद्द ठरविला. सरदार व सैन्य तिच्याभोंवतीं जमलें. तथापि १३ मे रोजीं लँगसाइड येथें मरेच्या फौजेनें तिचा पराभव केला. १६ मे रोजीं ती मासेमारीच्या होडींतून सॉल्वेची खाडी उतरून आपली चुलत आत्या एलिझाबेथ हिच्या राज्यांत आश्रयास गेली. तेथें तिला आश्रयाऐवजीं कैदच मिळाली, आणि ती जवळजवळ एकोणीस वर्षें चालली. ८ फेब्रुवारी १५८७ रोजीं फॉदरिंगेच्या किल्ल्यांत तिचा शिरच्छेद झाला. बेटावरील तुरुंगांतून ती सुटली. पण ज्या मोठ्या बेटाच्या राज्यावर तिनें वारसा सांगितला होता, तेंच तिचा शेवटचा तुरुंग ठरलें. विली डग्लस मात्र इंग्लंडांतील बंदिवासांतहि तिच्या सेवेंत राहिला.

किल्ल्याचा तुरुंग म्हणून उपयोग एवढ्यानें थांबला नाहीं. इंग्लंडांतील उत्तरेकडील बंडांत पराभूत होऊन स्कॉटलंडांत पळून आलेला नॉर्थंबरलंडचा सरदार टॉमस पर्सी याला येथेंच डांबण्यांत आलें; पुढें त्याला इंग्रजांच्या हवालीं करण्यांत आलें आणि १५७२ सालीं यॉर्क येथें त्याचा वध झाला. सतराव्या शतकांत तोफांच्या युगांत असल्या किल्ल्यांचें महत्त्व उरलें नाहीं. १६७५ सालीं प्रख्यात वास्तुशिल्पी सर विल्यम ब्रूस यानें ही जहागीर विकत घेतली व किनाऱ्यावर किन्रॉस हाउस हा आपला सुंदर वाडा बांधला. वाड्याची व बागेची मध्यरेषा त्यानें अशी आंखली कीं, ती सरळ पाण्यापलीकडील जुन्या किल्ल्यावर जाऊन पोंचावी. ज्या बुरुजाकडे पाहून एकेकाळीं लोकांच्या छातींत धडकी भरे, तो आतां बागेंतून पाहण्याचा देखावा झाला. बेटावरची वस्ती उठली ती कायमचीच. पुढें १८२० सालीं वॉल्टर स्कॉटनें ‘दि अॅबट’ या कादंबरींत राणीच्या सुटकेची कथा गोंवली आणि त्या पडक्या भिंती पाहण्यास दूरदूरचे लोक येऊं लागले.

ते येऊं लागले आणि थोड्याच अवधींत बेटाचें रूपच पालटलें. लीव्हन नदीच्या कांठच्या गिरण्यांना वर्षभर नियमित पाणी मिळावें आणि कांठची जमीनहि लागवडीस यावी, या हेतूनें १८३० च्या सुमारास सरोवराच्या मुखाशीं नवा कालवा खणून दरवाजे बसविण्यांत आले. सरोवराची पातळी सुमारें साडेचार फूट उतरली. खोल सरोवरांत एवढ्यानें कांहीं बिघडलें नसतें. पण हें पडलें उथळ. त्याचें क्षेत्रफळ जवळजवळ चतुर्थांशानें घटलें आणि बेटें मोठीं झालीं. तटाच्या पायथ्याशीं लागणारें पाणी दूर सरलें. उघड्या पडलेल्या जमिनीवर झाडी वाढली. राणीच्या काळीं जेथें होडी चालत असे, तेथें आज प्रवासी पायीं चालतात. या फेरफाराची झळ माशांनाहि लागली. किन्रॉस हाउसच्या सरोवराकडील दरवाजावर येथील सात जातींच्या माशांची टोपली कोरलेली आहे. त्यांपैकीं थंड पाण्यांत राहणारा चार नांवाचा मासा एकोणिसाव्या शतकांत येथून नाहींसा झाला. येथील ट्राउट मात्र जगप्रसिद्ध झाला आणि त्याचीं अंडीं १८८५ सालीं अमेरिकेपर्यंत पोंचलीं.

विसाव्या शतकांत किल्ल्याची व्यवस्था १९३९ सालीं सरकारकडे आली, आणि १९६४ सालीं सरोवर राष्ट्रीय निसर्गक्षेत्र म्हणून राखून ठेवण्यांत आलें. हिवाळ्यांत आइसलंड व ग्रीनलंडकडून हजारों रानहंस येथें उतरतात. उन्हाळ्यांत संत सर्फच्या बेटावर बदकें घरटीं करतात. परंतु उथळ पाण्यास मनुष्याचा उपद्रव लवकर बाधतो. सांडपाण्यांतून, कारखान्यांतून व शेतांतून येणाऱ्या फॉस्फरसमुळें शेवाळ माजूं लागलें, आणि १३ जून १९९२ या शनिवारीं साऱ्या सरोवरावर विषारी शेवाळाची साय धरली. त्यानंतर सांडपाण्याची शुद्धि व कांठावर गवताचे पट्टे राखणें अशा उपायांनीं पाणी बरेंच सुधारलें. तथापि तळाच्या गाळांत सांचलेला फॉस्फरस पुन्हां वर येतच असतो, त्यामुळें दक्षता कमी करून चालत नाहीं.

उन्हाळ्याच्या दिवसांत किन्रॉसहून होडीनें या बेटावर जातां येतें. चार भिंतींचें अंगण, वरच्या मजल्यावरील तें दार, आग्नेयेचा गोल बुरूज हीं सारीं तेथें अजून उभीं आहेत. एकोणिसाव्या शतकांत गाळांतून निघालेल्या जुन्या किल्ल्या राणीच्या सुटकेच्या वेळच्याच म्हणून दाखविल्या गेल्या, आणि त्यांपैकीं कांहीं वॉल्टर स्कॉटच्या संग्रहांतहि पोंचल्या. त्या खरोखर विली डग्लसनें फेंकलेल्या होत्या किंवा नाहीं, हें सिद्ध होण्यासारखें नाहीं. परंतु दरवाजाबाहेर त्या रात्रीं जेथें पाणी होतें, त्यांतील बराचसा भाग आतां कोरडी जमीन आहे. आणि खऱ्या किल्ल्या कोणाच्या हातीं लागल्या नसतील, तर त्या आज झाडांच्या मुळांखालीं असण्याचाहि तितकाच संभव आहे.